हितं माणूस मेलाय

"हितं माणूस मेलाय," असं म्हणून ते कागदावर अंगठा दाबायचे. अंगठ्याच्या पेरावर सुरीची जुनी आडवी खूण होती. समोरच्याला आधी ती खूण दिसायची, मग कागद, आणि मग डॉक्टरांचा चेहरा. त्या चेहऱ्यावर शोक अजिबात नसायचा. पंगतीत जिलेबी वाढायला घेतलेल्या माणसाचा आनंद असायचा.

कागद म्हणजे अमेरिकेतल्या एका बेसबॉल मॅचचा छापील हिशेब. पन्नासच्या दशकातली, दोन धंदेवाईक संघांची मॅच, आणि वर्तमानपत्रातलं वीतभर पिवळं कात्रण. डावीकडे खेळाडूंची आडनावं, उजवीकडे आकड्यांचे उभे रकाने: कोण किती वेळा बॅटिंगला आला, किती धावा, किती फटके, किती चुका. तिकडे त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाण्याच्या यादीसारखा दिसतो. डॉक्टरांना त्यात रक्त दिसायचं.

त्यांचं नाव सांगत नाही. ख्राइस्टचर्चमध्ये मराठी घरं इतकी मोजकी, की आडनावाचं पहिलं अक्षर उच्चारलं तरी संध्याकाळपर्यंत निरोप पोचतो. मी दातांचा डॉक्टर, ते जनावरांचे. मी त्यांना डॉक्टर म्हणायचो, ते मला 'दातवाल्या' म्हणायचे. कऱ्हाडकडचा माणूस, साठीच्या अलीकडचा, मान आखूड, हात लांब. न्यूझीलंडमध्ये आल्यावर जनावरांवर उपचार करायचा परवाना मिळेना, म्हणून मांस तपासायच्या नोकरीत शिरले ते तिथेच राहिले. "शिकलो जनावर जगवायला," ते म्हणायचे, "आणि पोटाला लागलो मेलेलं नीट मेलंय का ते बघायला."

शहराबाहेर मेंढ्या कापून, गोठवून परदेशी पाठवायचा कारखाना आहे. इथे असल्या कारखान्याला फ्रीझिंग वर्क्स म्हणतात. डोक्यावरून साखळी सरकत असते, साखळीला उलटी लटकलेली धडं, खाली रांगेनं सुऱ्या घेतलेली माणसं. डॉक्टर त्या रांगेच्या शेवटी उभे असत. एका हातात जाळीचा पोलादी मोजा, दुसऱ्या हातात सुरी. धड समोर आलं की काप, बघ, पुढे. मला एकदा हौसेनं आत घेऊन गेले होते. रोज लोकांच्या तोंडात हात घालणारा मी, पण बाहेर येऊन पार्किंगमधल्या झुडपाला धरून उभा राहिलो. डॉक्टर पाठीवर हात फिरवत म्हणाले, "होतं असं. आता सॉसेज रोल खाशील का?"

त्या कारखान्यात मारामारी हा नियमित कार्यक्रम होता. दिवसभर सुरी चालवणारी माणसं सुरी बाजूला ठेवूनच भांडायची, हा तिथला पहिला कायदा. भांडण पार्किंगमध्ये, मुठींनी. दुसरा कायदा डॉक्टरांना फार आवडायचा. एक जण खाली पडला की संपलं. पडलेल्या माणसाला कोणी हात लावत नाही. एकानं एकदा पडलेल्याला लाथ घातली, तर पुढे वर्षभर स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीला, त्याच्या टेबलावर कोणी बसलं नाही. "कोर्टात न्याय मिळंल न मिळंल," डॉक्टर सांगायचे, "आमच्या पार्किंगात मिळतो."

ते कात्रण त्याच स्मोको रूममध्ये, मायक्रोवेव्हच्या वर, काचेत घालून टांगलेलं होतं. कोणी, कधी, कशाला लावलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर नवीन होते, इंग्रजी गप्पांत शिरायला लाजायचे, म्हणून चहा घेऊन त्या कात्रणासमोर उभे राहायचे. बेसबॉल त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आधी मॅचचा हिशेब वाचला, मग हिशेबावरून खेळ ओळखला. म्हणजे नवरी पाहायच्या आधी आहेराची यादी पाठ झाली.

पुढे खोली पाडायची ठरली तेव्हा साहेबाला विचारून त्यांनी काच घरी आणली आणि स्वयंपाकघरात लावली. बायको गेल्यापासून घरात ते आणि मुलगा, दोघंच. देव्हारा एका भिंतीला, कात्रण समोरच्या.

आता माणूस मेला कसा, ते ऐका. या खेळात बॅटिंगला आलेल्या प्रत्येकाचं तीनपैकी एक काहीतरी होतं. तो चारी टप्पे धावून घरी, म्हणजे जिथून निघाला तिथे, येतो आणि धाव होते, किंवा बाद होतो, किंवा डाव संपतो तेव्हा मधल्या एखाद्या टप्प्यावर तसाच उभा राहिलेला असतो. चौथी वाट नाही. म्हणून जेवढे आले तेवढ्यांची बेरीज या तिघांच्या बेरजेइतकी यायला हवी. चांगला स्कोअरर ही पडताळणी केल्याशिवाय कागदावर सही करत नाही. डॉक्टरांनी कात्रणाची पडताळणी केली, आणि एक माणूस कमी आला. बॅट घेऊन आला होता एवढी नोंद आहे. घरी पोचला नाही, बाद झाला नाही, टप्प्यावरही उभा नाही.

"मग गेला कुठं?" डॉक्टर विचारायचे आणि कोणी उत्तर द्यायच्या आत त्याला ठार मारायचे.

दर वेळी नवं मरण. कधी चेंडू कानशिलात बसायचा आणि माणूस बैल बसावा तसा गुडघ्यांवर बसायचा. कधी घसरत आलेल्या गड्याच्या बुटांचे खिळे मांडीत रुतून मोठी शीर तुटायची आणि डॉक्टर दोन्ही हातांनी रक्ताची उंची दाखवायचे. आमच्याकडच्या एका बार्बेक्यूला प्रेक्षकांतून आलेल्या बाटलीनं त्याचं डोकं फुटलं. गणपतीच्या आरतीनंतर, सगळ्यांच्या हातात मोदक असताना, स्वतःच्याच संघातल्या माणसानं त्याला बॅटनं हाणला, कारण बायकोचं प्रकरण होतं. आमची ही म्हणाली, "भावजी, प्रसाद तरी संपू द्या." डॉक्टर म्हणाले, "वहिनी, मोदक खा की. तो मरायचा थांबतोय व्हय?"

मला खोड्या काढायची सवय. एका दुपारी पेशंट नव्हता, तेव्हा मी इंटरनेटवर त्या मॅचचा पूर्ण हिशेब शोधून काढला. छपाईतली चूक होती. एका नावापुढे एक आकडा जास्त पडला होता. मी प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"डॉक्टर, कोणी मेलं नाही. छापणाऱ्याची चूक आहे."

मयताला पेढे घेऊन आलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रिंट वाचली. बेरीज केली. चष्मा काढला.

"म्हंजे छापखान्यात मेला," ते म्हणाले. "लई वाईट मरण."

असा माणूस आमच्या सॉफ्टबॉलच्या संघाला स्कोअरर म्हणून लाभला होता. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा धाकटा भाऊ. मैदान लहान, चेंडू मोठा, हात खालून फिरवून फेकतात, हिशेब तोच. संघ हॉर्नबी या उपनगरातला. त्यात एक सुतार, दोन ट्रकवाले, एक पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, दुसऱ्या टप्प्यावर मी, आणि चेंडू टाकायला डॉक्टरांचा मुलगा. कुंपणाला लागून घडीचं टेबल, टेबलावर थर्मास, कागद, आणि मागे डॉक्टर.

चेंडू सुटला की स्कोअररनं ठरवायचं, फटका चांगला होता की पकडणाऱ्याची चूक. चूक असेल तर त्याच्या नावापुढे 'एरर'चा इंग्रजी ई लिहायचा. गोऱ्यांना या ईचं काही वाटत नसे. आमच्या पुणेकराला मात्र वाटलं. मॅच संपल्यावर तो टेबलाशी आला आणि चेंडूला उसळी कशी मिळाली, त्यावर तर्कशुद्ध बोलायला लागला. डॉक्टर लिहीत राहिले. पुणेकर म्हणाला, "माझ्या मते हा उघडउघड पक्षपात आहे," आणि हातातला ग्लव्ह त्यांच्या डोक्यात घातला. डॉक्टरांनी डाव्या हातानं त्याची कॉलर धरली, त्याला कुंपणावर अर्धा वाळत घातला आणि उजव्या हातानं उरलेली पडताळणी पूर्ण केली. मग त्याला उतरवून, झटकून, थर्मासमधला चहा दिला. ई तसाच राहिला.

माझ्या नडगीवर एकदा चेंडू असा बसला की मला तारे दिसले. चेंडू सुटला, मला ई मिळाला. मी लंगडत जाऊन म्हटलं, "डॉक्टर, हाड मोडलं असतं."

"मोडलं का?"

"नाही."

"मग मोडल्यावर ये. तरी ईच लिहीन."

मुलाला तर सर्वांत जास्त ई. पोरगा इलेक्ट्रिशियन, चोवीस वर्षांचा, बापासारखे लांब हात, आणि चेंडूला असा वेग की बॅटरच्या मागे चेंडू झेलणारा आमचा कॅचर मॅचनंतर बर्फात हात घालून बसायचा. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. खरं तर बापलेकांत उत्तरांची वेळच फारशी येत नसे. मॅच संपली की तो टेबलाजवळ यायचा, डॉक्टर थर्मास बाजूला सरकवायचे, आणि तो उभ्याउभ्या पूर्ण कागद वाचायचा. बाप त्याच्या तोंडाकडे बघायचा. मग पोरगा "स्वीट ॲज", म्हणजे झकास, म्हणून बॅग उचलायचा. त्या घरातलं आठवड्याचं संभाषण एवढंच, पण ते कधी चुकलं नाही. लांबून पाहताना मला वाटायचं, आपण आपल्या पोरांशी एवढी बडबड करतो, त्यातलं एवढं तरी पोचतं का.

आता त्या शनिवारचं सांगतो. नॉरवेस्टर सुटला होता. हा डोंगरांपलीकडून येणारा गरम वारा, याच्यात इथल्या माणसांची डोकी फिरतात असं म्हणतात, आणि माझा धंदाही वाढतो. समोरचा संघ दांडगा होता. त्यांचा कॅप्टन डॉक्टरांच्याच कारखान्यात साखळीवर सुरी चालवणारा, दरवाज्याएवढा गडी. त्यांच्या एका बॅटरनं आमच्या पोराचा चेंडू कुंपणाबाहेर घालवला आणि चारी टप्पे फिरताना चालत गेला. धावला नाही, चालला. घरी पोचल्यावर पोराकडे वळून काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही. पोराची मान लाल झालेली मात्र दिसली.

तोच बॅटर पुन्हा आला तेव्हा पहिलाच चेंडू त्याच्या तोंडावर बसला. हेल्मेटच्या खाली, गालावर. मला तो आवाज ओळखीचा आहे. गालाचं हाड मोडताना ओला पाव तोडल्यासारखा आवाज होतो. माणूस तोंडावर पडला आणि घरच्या टप्प्याच्या पांढऱ्या प्लेटवर रक्ताची धार लागली. कुठेही नसलेल्या त्या अमेरिकन माणसाला डॉक्टरांनी इतक्या वेळा मारलं होतं, आणि आता हा खराखुरा. कोणाला टाळी वाजवावीशी वाटली नाही.

पोरगा आपल्या जागेवरून हलला नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

त्यांचा अख्खा संघ मैदानात उतरला. आमचाही उतरला. सुतारानं एकाचं हेल्मेट त्याच्याच डोक्यावर आपटलं. एका ट्रकवाल्याच्या पोटात गुडघा बसला आणि त्यानं उलटी करत करत गुडघेवाल्याचा कान धरून ठेवला. पुणेकर, जो एरवी तर्काच्या बाहेर जात नाही, तो एकाच्या दंडाला चावला. चावा चांगला होता, मी नंतर व्यावसायिक नजरेनं पाहिला. मला कोणीतरी छातीत ढकललं, चष्मा गेला, आणि मी शूरपणे खाली बसलो. खाली बसल्यामुळेच पुढचं सगळं पायांच्या मधून पाहायला मिळालं. अंधुक, पण पाहिलं.

त्यांचा कॅप्टन बॅट घेऊन निघाला होता. कोणाकडेही न बघता, सरळ पोराकडे. बॅट खांद्यावर नव्हती, मागे ओढलेली होती. आमच्यातलं कोणी जवळ नव्हतं.

डॉक्टर टेबलामागून उठले. पेनला टोपण लावलं. ते पळाले असं मी म्हणणार नाही, पण त्या वयाचा माणूस इतक्या वेगानं चालताना मी पाहिलेला नाही. कॅप्टनच्या आधी ते पोरापाशी पोचले. पोरानं त्यांना पाहिलं, त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, आपला माणूस आला म्हणून. आणि डॉक्टरांनी त्याच्या जबड्यावर मूठ हाणली.

थप्पड नव्हती. खांद्यापासून आलेली मूठ होती. पोरगा सरळ मागे आडवा झाला. डॉक्टर त्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून, कॅप्टनकडे तोंड करून उभे राहिले. कॅप्टन थांबला. बॅट वरच राहिली. त्यानं खाली पडलेल्या पोराकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"डाउन," डॉक्टर म्हणाले. "ही इज डाउन."

कॅप्टननं बॅट हळूहळू खाली आणली. "जीझस, मेट," म्हणाला आणि वळला. बाकीचेही एकेक करून थांबले. बापानं पोराला पाडलेलं पाहिल्यावर परक्यानं काय मारायचं.

ॲम्ब्युलन्स आली, बॅटरला घेऊन गेली. डॉक्टर टेबलाशी परत गेले, टोपण काढलं आणि कागद पूर्ण केला. आलेला प्रत्येक माणूस कुठे गेला याची पडताळणी जुळली. पोरगा मात्र तो कागद वाचायला आला नाही. मी त्याला क्लिनिकमध्ये नेलं. एक दाढ उभी चिरली होती. मी बधिर करत होतो तेव्हा तो छताकडे बघत इंग्रजीत म्हणाला, "अंकल, एवढी माणसं मला मारायला येत होती. पहिला नंबर पप्पांनी लावला."

पुढच्या महिन्यात तो उत्तर बेटावर, टौरंगाला गेला. तिथल्या बंदरावर काम मिळालं म्हणाला. बापाला नवा फोन नंबर दिला नाही. मला तो आणि पत्ता दोन्ही दिले, आणि त्यांना देऊ नका म्हणून सांगितलं.

डॉक्टर बॅटरला भेटायला हॉस्पिटलमध्ये जात राहिले. त्याच्या गालात धातूची पट्टी बसली, डोळा वाचला. त्याला ते सूप नेऊन द्यायचे. हे टौरंगाला कळलं, तशा गोष्टी कळतातच, आणि पोराचा फोन माझ्यासाठीही लागेनासा झाला. डॉक्टरांनी त्या अमेरिकन माणसाला मारायचं सोडून दिलं. गणपती आला आणि गेला, कोणीही मेलं नाही. आमची हीच शेवटी म्हणाली, "भावजींना बोलवा हो घरी. बरं वाटत नाही असं."

एका रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते स्वयंपाकघरात उभे राहून कामाची सुरी पाजळत होते. मी सरळच म्हटलं, "डॉक्टर, पोराला सांगून टाका. तुम्ही त्याला वाचवायला मारलंत. पडलेल्याला तो कॅप्टन हात लावणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं. पोराला कसं माहीत असणार? तो काय तुमच्या पार्किंगमध्ये वाढलाय?"

"व्हय," ते म्हणाले. "वाचवायलाच मारलं."

"मग झालं तर."

"अर्धं."

सुरी पोलादावर घासली जात राहिली.

"अर्धी मूठ त्याला वाचवायची होती, दातवाल्या. अर्धी खरीच होती. समोर माणूस रगतात पडलाय आणि ह्यो कमरंवर हात ठिवून उभा. हलंना सुदिक. त्या उभं राहण्याला मारलं मी. ते आत कुठंतरी फिरलं माझ्या. कॅप्टन आला नसता तरी मारलं असतं."

मग माझ्यातला व्यवहारी माणूस बोलला. "ते दुसरं अर्धं कशाला सांगायचं? पहिलं सांगा, पोरगा परत येईल."

"आणि दुसरं कुठं ठिवू?"

"पोटात. बापांना पोट असतं कशाला?"

त्यांनी सुरी म्यानात घातली. "पोरगा माझा हाय. त्याला मी निम्मा कागद दाखवू? त्यानं आजवर माझ्या टेबलावरचा निम्मा कागद कधी वाचलाय का?"

"मग सगळं सांगा."

"सगळं ऐकल्यावर तो येणारच नाही की."

हे मात्र खरं होतं. अर्धं सांगून पोरगा मिळत होता आणि पूर्ण सांगून बहुधा कायमचा जात होता. माझ्यासारख्यानं एका मिनिटात निकाल लावला असता. मी उठलो, टौरंगाचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहिला आणि फ्रिजवर लावला. पोराला दिलेला शब्द मोडला. पण माझा शब्द किती भक्कम असतो हे एव्हाना तुमच्याही लक्षात आलं असेल.

ते गेले. मला सांगितलं नाही. कारखान्यातल्या कोणाकडून तरी कळलं की डॉक्टर रजेवर आहेत. मी रोज फोनकडे बघायचो. काही आलं नाही. मी मनातल्या मनात बरेच शेवट रचले, आणि माझा स्वभाव असा की त्यातला एकही शांततेचा नव्हता.

मग एके दुपारी, मी एका बाईंच्या तोंडात ड्रिल धरलेलं असताना, रिसेप्शनवरची मुलगी आत आली आणि म्हणाली, बाहेर एक गृहस्थ आहेत, अपॉइंटमेंट नाही, पण त्यांना बसवून ठेवणं बरं दिसत नाही. मी बाहेर डोकावलो. डॉक्टर. डावा डोळा पूर्ण बंद, पापणी जांभळाएवढी. ओठाला टाके. उजवा खांदा झोळीत. समोर बसलेली दोन मुलं त्यांच्याकडे बघून आईला चिकटली होती, आणि डॉक्टर उरलेल्या डोळ्यानं त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते, त्यानं ती आणखी चिकटली.

मी त्यांना शेजारच्या खोलीतल्या खुर्चीत घेतलं.

"जबडा बघ जरा," ते म्हणाले. "कटकट वाजतोय."

"कोणी मारलं?"

"पोरानं."

हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, की पोराला बढती मिळाली असावी. मी जबडा चाचपला. मोडला नव्हता. मी म्हटलं, "सांगितलंत? दोन्ही?"

"दोन्ही. आधी वाचवायचं, मग खरं. त्यानं सगळं ऐकलं. उठला, आणि हाणली. मी पायरीवरनं खाली गेलो, त्यात खांदा निखळला. पुन्हा उठवलं त्यानं, पुन्हा हाणली."

"पडल्यावर मारलं?"

"नाही रे. उठवून मारलं म्हणतोय ना. रीतसर."

"मग?"

"मग बसला पायरीवर आणि बोलाय लागला. जन्मात बोलला नव्हता तेवढं. मधी मधी मराठीत." डॉक्टरांनी ओठ चाटला, टाके दुखले, थांबले. "म्हणाला, चेंडू मुद्दाम टाकलेला. तोंडावरच. तो बॅटर त्याच्या आईवरनं काहीतरी वंगाळ बोललेला."

मी हातमोजे काढले. मला वाटलं, संपलं. पण त्यांचा उघडा डोळा चमकत होता.

"मी इचारलं, मग तसा उभा का राहिलास, दगडागत? तर म्हणाला, पप्पा, पाय हलंनात. तिकडं जायचं होतं त्याला. त्या माणसाला उचलायचं होतं. पाय हलंनात म्हणाला, हात थरथरत होते, म्हणून कमरंवर धरून ठिवले."

त्यांना हसू यायला लागलं. जबड्यामुळे नीट हसता येईना, तसं ते पोटातून हसायला लागले आणि खुर्ची हलायला लागली.

"म्हंजे बघ, दातवाल्या. ज्याच्यासाठी मी मारलं ते त्यानं केलंच नव्हतं. आणि जे केलं होतं त्याच्यासाठी मी मारलंच नाही."

डोळ्यातून पाणी आलं. बंद डोळ्यातूनही आलं. मी टिश्यूचा खोका पुढे केला, त्यांनी निरोगी हातानं मूठभर ओढले.

"मग आता?"

"आता काय. खालची खोली रिकामी हाय म्हणाला. सामान न्यायला आलोय. माझ्या कारखान्याला कळवलं, तिकडं किवीफ्रूटच्या शेडात तपासणीला माणसं लागत्यात. फळं बघायची. रगात नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी जरा खिन्नपणे म्हटलं.

मी फी घेतली नाही. त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला फीबद्दल विचारलंच, तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. दाराशी त्यांनी माझ्या पाठीत एक गुद्दा घातला, डाव्या हाताचा, तरी मला दोन पावलं पुढे जावं लागलं. "येतो," म्हणाले.

आमच्या क्लिनिकची काच रस्त्याकडे उघडते, शेजारी टायरचं दुकान आहे. दुकानासमोर पोराची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, उभी होती, हौद्यात दोरीनं बांधलेलं सामान. पोरगा स्टीअरिंगवर बसून समोर बघत होता. त्याच्या उजव्या मुठीला पट्टी होती. आत आला नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. डॉक्टर जवळ आले तसा तो आडवा झाला आणि आतून दार उघडलं. ते कसेबसे चढले. झोळीतल्या हातामुळे सीटबेल्ट ओढता येईना. एकदा ओढला, सुटला. दुसऱ्यांदा ओढला, सुटला. पोरगा तसाच समोर बघत बसला होता. मग त्यानं हात बापाच्या छातीवरून पलीकडे नेला, बेल्ट पुढे घेतला, खांद्याला लागणार नाही असा जरा वर धरून ठेवला, आणि कुलुपात बसवला.

यूट टायरच्या दुकानाला वळसा घालून मोठ्या रस्त्याला लागली. आत ड्रिलवाल्या बाई तोंड उघडं ठेवून माझी वाट बघत होत्या.